नाईटवरून आल्या आल्या ओव्हर घ्यायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकची स्टाफ नर्स, वय 28, बाळ साडेसहा महिन्यांचं. बाळंतपणाची रजा संपवून ती खासगी रुग्णालयात पुन्हा रुजू झाली आणि पहिल्याच महिन्यात ओळीनं सहा नाईट लागल्या, रात्री 8 ते सकाळी 8. नवरा अंबडच्या कारखान्यात जनरल शिफ्टला. घरी सासूबाई, त्यांना मधुमेह आणि गुडघ्यांचं दुखणं. सहाव्या दिवसापर्यंत दूध निम्म्यावर आलं, बाळ रात्र रात्र रडलं, आणि सकाळी उंबरा ओलांडला की सासूबाईंचं एकच वाक्य, ‘आली बाई तुझी आई, घे गं तुझं पोर.’ ती विचारते, नोकरी सोडू का? आणि सोडायची नसेल तर हे निभवायचं कसं?

अगं, आधी नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर. नाईटच्या आठवड्यात राजीनामा लिहायचा नाही. मी 31 वर्षं सरकारी रुग्णालयात काढली, त्यातली 12 नवजात शिशू कक्षात. सहा नाईटनंतर माणसाला नोकरीच काय, नवराही सोडावासा वाटतो. चार रात्री घरी झोप काढ, मग या प्रश्नाकडे बघ. तेव्हाही सोडावीशी वाटली तर खुशाल सोड, त्यात कमीपणा काही नाही.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तू तीन ठिकाणी बाळाची झोप लिहिली आहेस, एका ठिकाणी सासूबाईंची, एका ठिकाणी नवऱ्याची. तुझी स्वतःची झोप किती, ते कुठेच नाही. मी अंदाज बांधते: सकाळी नऊला आलीस, बाळ घेतलंस, पाजलंस, कपडे भिजवलेस, साडेअकराला आडवी झालीस, एकला उठलीस. पुन्हा चारच्या सुमाराला डोळा लागला न लागला तोच सहा वाजले. म्हणजे धरून दोन-अडीच तास. दूध कमी होणं, चिडचिड, बाळाचं रडणं सहन न होणं, हे बहुतेक सगळं या अडीच तासांतून निघतंय. नाईट करणाऱ्या आईची खरी लढाई दिवसा असते. रात्री तू वॉर्डात उभी असतेस, तिथे चार माणसं असतात, काम ठरलेलं असतं. दिवसा घर जागं असतं आणि घरातल्या कुणालाच वाटत नाही की तू नुकतीच बारा तासांची पाळी उतरून आली आहेस.

वॉर्डात आपण काय करतो? ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटचा ताबा आणि माहिती, दिल्याशिवाय जात नाही आणि ओव्हर घेतल्याशिवाय पेशंटला हात लावत नाही. ओव्हर घेणारी असते ताजी, झोप काढून आलेली. देणारी असते थकलेली, ती मोकळी होते. तुझ्या घरी हे उलटं चाललंय: सकाळी नऊला सगळ्यात थकलेल्या बाईला ओव्हर मिळतं. हे बदललंस तर अर्धं गणित सुटेल. सासूबाईंना दोष देऊ नकोस. त्यांनीही रात्र जागून काढलेली असते, ‘घे तुझं पोर’ हे त्या दमून म्हणतात. म्हणजे सकाळी नऊला घरात दोन दमलेल्या बायका आणि एक ताजंतवानं मूल. हात तिसरे हवेत.

ते कुठून आणायचे? पहिले हात नवऱ्याचे. तू लिहितेस, ‘त्यांना सकाळी कामावर जायचं असतं म्हणून ते आतल्या खोलीत झोपतात.’ बरं. आणि तू रात्री कुठे गेली होतीस? नाईटच्या आठवड्यात रात्रीचे दोन तुकडे कर. दहा ते तीन बाळ बापाजवळ, तीननंतर सासूबाईंजवळ. म्हाताऱ्या माणसांना तशीही पहाटे जाग असते, आणि दहा ते तीन त्यांना सलग झोप मिळाली तर सकाळी त्या माणसात असतील. त्यांना मधुमेह आहे म्हणून हे जास्तच जपायचं. जागरणात जेवण मागेपुढे झालं आणि गोळी मात्र वेळेवर घेतली, की साखर खाली जाते. अंगावर बाळ असताना सासूला घाम फुटून भोवळ आलेली मी पाहिलेली आहे.

दुसरे हात विकतचे. सकाळी नऊ ते दुपारी दीड एक मावशी ठेव, फक्त नाईटच्या आठवड्यापुरती. तुझ्या पगारातला मोठा तुकडा त्यात जाईल हे मला ठाऊक आहे, पण हे पैसे बाळ सांभाळण्याचे आहेत असं समजूच नकोस, तुझ्या झोपेचे आहेत. सासूबाई देखरेखीला, उचलायला-ठेवायला मावशी. सहा-सात महिन्यांचं मूल आता रांगायच्या बेतात आहे. त्याला दिवाणावर ठेवलं तर पडेल, जमिनीवर ठेवलं तर गुडघे दुखणाऱ्या बाईला खाली वाकून उचलवणार नाही. सासूबाईंचा वैताग कुठून येतो, ते मला वाटतं इथेच आहे. त्यांना सतरंजीशेजारी खुर्ची दे, वाकायचं काम दुसऱ्याकडे दे, आणि मग बघ त्यांचा सूर कसा बदलतो.

घरात आल्यावरचा क्रम असा: चपला बाहेर, युनिफॉर्म वेगळ्या पिशवीत, थेट न्हाणीघरात. वॉर्डातून आलेल्या कपड्यांनी बाळाला घ्यायचं नाही, मग ते कितीही रडो. आंघोळ करून बाहेर आलीस की बाळाला पाज. यावेळी तुझी छाती दाटलेली असते आणि बाळालाही तू हवी असतेस, दोघांचं काम होतं. मग गरम काहीतरी खा. रिकाम्या पोटी झोपलीस तर अकराला भुकेनं जाग येईल. आणि मग साडेनऊ-पावणेदहाला दार लावून झोप. मावशी आली की ओव्हर तिनं आणि सासूबाईंनी घ्यायचं, तू घ्यायचं नाहीस. दार दुपारी दीडपर्यंत उघडायचं नाही. बाळ रडलं तरी नाही, आणि रडेलच. बाहेर दोन माणसं आहेत. आपलं रडणारं मूल दुसऱ्याच्या हातात सोपवून डोळे मिटणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. मला तीन आठवडे लागले होते, आणि पहिले काही दिवस मी दाराला कान लावूनच पडले होते.

हे चार तास सलग हवेत. एक एक तासाचे चार तुकडे केले तर तेवढी झोप भरत नाही, कारण गाढ झोप लागायलाच वेळ जातो. खोली काळोखी कर: जाड चादर खिडकीला खिळ्यांनी ठोक, पडदे शिवायची वाट बघू नकोस. पंखा मोठ्यावर, त्याचा आवाज घरातले आवाज गिळतो. दारावरची बेल बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. घंटागाडीची वेळ सासूबाईंकडे, गॅस सिलेंडरवाला सासूबाईंकडे. सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की शरीराचं घड्याळ समजतं, दिवस उगवला, उठा. म्हणून घरी येताना काळा चष्मा लाव. लोक हसतील, हसू देत. शेजारीण म्हणेल, ‘सून दिवसभर झोपते.’ तिला एकदा रात्री दोन वाजता फोन कर.

दुपारी दीडला उठ, पाज, जेव, बाळाबरोबर खेळ. हा दीड ते पाच वेळ तुझा आणि त्याचा. त्यात स्वयंपाक, धुणं, पाहुणे काही घुसवू नकोस. मग संध्याकाळी पाच ते साडेसहा पुन्हा आडवी हो. नवरा सहाला घरी आला की ओव्हर त्याच्याकडे. ही दीड तासाची झोप नाईटला जाणाऱ्या बाईसाठी सोन्याची आहे, कारण पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात धोक्याची असते. शरीराचं तापमान तेव्हा सर्वांत खाली असतं, हात चुकतो, डोस चुकतो. वॉर्डात आळीपाळीनं वीस मिनिटं डोळे मिटायची सोय असेल तर ती वेळ त्याचीच. चहा रात्री तीनच्या पुढे घेऊ नकोस. पोटात गेलेल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तास अंगात असतो, म्हणजे पाचचा चहा तुझी साडेनऊची झोप खाणार.

आणि स्कूटी. तू लिहिलं आहेस की स्कूटीवर येतेस. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की 17 तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि लक्ष रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखं चालतं. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. तू दुपारी एकला उठलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला द्वारका सर्कलवरून स्कूटी काढतेस, तेव्हा मधली डुलकी सोडली तर साडेएकोणीस तास झालेले असतात. दारू न पिता तू त्या अवस्थेत आहेस. रिक्षा परवडत नसेल तर निघायच्या आधी चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं झोपून मग नीघ. घरी उशीर झाला तर झाला.

झोपेचा एक प्रसंग सांगते, लाज वाटते तरी. माझी मुलगी चार महिन्यांची होती, माझी पाचवी नाईट. सकाळी आले, आंघोळ केली, दिवाणाच्या कडेला भिंतीला टेकून पाजायला बसले. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा मांडी रिकामी. मुलगी दिवाण आणि भिंत यांच्यातल्या फटीत, दुपट्यासकट, डोळे उघडे, माझ्याकडे बघत होती. तिला काही झालं नव्हतं. मला मात्र ती फट अजून स्वप्नात दिसते. म्हणून सांगते, नाईटवरून आल्यावर सोफ्यावर, दिवाणावर, खुर्चीत बसून एकटीनं पाजायचं नाही. खाली गादी घाल, भिंतीपासून दूर, उशा-गोधड्या बाजूला काढ, आडवी होऊन पाज, आणि मावशीला किंवा सासूबाईंना सांग की दहा मिनिटांनी येऊन बाळ उचलून न्या. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपतं, ते मी मोडायला सांगत नाही. पण नाईट केलेली आई, सर्दीची गोळी घेतलेली आई, दारू घेतलेला बाप, यांच्या कुशीत बाळानं झोपायचं नाही. एरवी त्याच खोलीत, वेगळ्या सपाट अंथरुणावर, उताणं.

आता दुधाचं. दूध मागणीवर चालतं. छाती भरून तशीच राहिली की शरीर समजतं, गिऱ्हाईक नाही, माल कमी करा. संध्याकाळी सव्वासातला पाजलंस आणि सकाळी नऊलाच पुन्हा, म्हणजे जवळजवळ चौदा तास. त्यात भर म्हणजे दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त असतं, आणि नेमकी रात्रच तू सोडलीस. म्हणून सहाव्या दिवशी निम्मं झालं. घाबरू नकोस, आटलेलं नाही. ड्युटीवर रात्री साडेअकराला आणि पहाटे साडेतीनला दूध काढ, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं. ऑफच्या दिवसांत बाळाला मागेल तेव्हा पाज, रात्रीसुद्धा. चार-पाच दिवसांत फरक कळेल. शतावरी, अळीव, मेथीचे लाडू सासूबाई करून घालत असतील तर आनंदानं खा, चवीला छान असतात, पण छाती रिकामी केल्याशिवाय लाडवानं दूध वाढत नाही.

पंप असला तर बरा, नसला तर हातानं. तू नर्स आहेस, तरी सांगते, कारण आपण पेशंटला शिकवतो आणि स्वतःचं काढताना धसमुसळेपणा करतो. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेशी. आधी छातीच्या पिंजऱ्याकडे मागे दाबायचं, मग अंगठा आणि बोट एकमेकांकडे आणायचे. त्वचेवर बोट घासत पुढे आणायचं नाही, बोंडी पिळायची नाही. आधी कोमट ओल्या रुमालानं शेक. बाळाचा आवाज मोबाइलवर ऐकलास तर दूध पटकन उतरतं. पहिल्या रात्री 30 मिली निघेल आणि रडू येईल. ती बाटली बघायचीच नाही, काम करत राहायचं. काढलं नाहीस तर दाटतं, गाठ होते, मग ताप. गाठ लाल, गरम, थंडी वाजून ताप, असं झालं तर चोवीस तासांच्या आत डॉक्टर, आणि पाजणं बंद करायचं नाही.

कुठे काढायचं, हा प्रश्न मोठा आहे. एसटी स्टँडवर आणि सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष असतो, रुग्णालयात असेलच असं नाही, आणि असला तर त्यात मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. शौचालयात काढू नकोस. चेंजिंग रूमची कडी लाव, हात धू. (हिरकणीची गोष्ट आम्हाला प्रत्येक सत्कारात ऐकवतात. कोजागिरीची रात्र, रायगडाचे दरवाजे बंद, ती कडा उतरून गेली. मला नेहमी वाटायचं, दरवाजा अर्धा तास उघडायची सोय असती तर बाईला कडा उतरायला लागला नसता.) वॉर्डच्या फ्रीजमध्ये दूध ठेवायचं नाही. लशींच्या फ्रीजमध्ये तर अजिबात नाही, त्याचं झाकण लशीशिवाय कशासाठी उघडत नाहीत हे तुला माहीत आहे. घरून तोंड रुंद असलेला थर्मास आण, त्यात बर्फाचे पॅक, त्यात झाकणाची छोटी भांडी. असं दूध सकाळपर्यंत उत्तम राहतं. बाहेर साध्या खोलीत चार तास धरतात, पण ते 25 अंशांच्या खोलीत. नाशिकच्या एप्रिलमध्ये तो हिशेब विसर. घरी आल्यावर फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, मागच्या बाजूला ठेव, दारात नाही, आणि 24 तासांत वापरून टाक. 50-60 मिलीचे छोटे वाटे कर, म्हणजे उरलं तर थोडंच वाया जाईल.

सासूबाई म्हणतील, ‘काढलेलं दूध शिळं, नासकं.’ सायीसारखा थर वर येतो आणि खाली पातळ निळसर पाणी दिसतं, त्यामुळे त्यांना तसं वाटतं. हळू हलवलं की एकजीव होतं. त्यांना सांग, मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, एका मुठीत मावतील अशी बाळं दुसऱ्या बायकांच्या काढलेल्या दुधावर तिथे वाढली. ते दान केलेलं दूध असल्यानं पाश्चराइज करतात. तुझं दूध तुझ्याच बाळाला आहे, ते उकळायचं नाही, गॅसवर ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं. पाजायला वाटी-चमचा. घरात आजीचं चांदीचं बोंडलं असेल तर तेही चालेल, पण त्याची चोच आतून घासता येते का बघ, नाहीतर शोभेला ठेव. बाटली नको. कमी पडलं तर डॉक्टरला विचारून डब्याचं दूध, डब्यावर लिहिलेल्या मापानं. पाणी घालून गाईचं नाही. डब्याचं दिलंस म्हणून तू वाईट आई होत नाहीस, हे मी नवजात कक्षात हजारदा सांगितलंय.

बाळ आता वरचं खातंय, त्याचा फायदा घे. संध्याकाळी साडेसहाला नाचणीचं सत्त्व किंवा मऊ वरणभात तुपाचा, चमचा तिरपा केला तर पटकन न गळण्याइतका घट्ट. वरणाचं नुसतं पाणी पाजून ‘जेवलं’ म्हणायचं नाही, त्यात रात्र काढण्याएवढं काही नसतं. मध वर्षाच्या आत नाही.

रात्री रडतं, त्याचं कारण बहुतेक भूक नाही. साडेसहा महिने ते फक्त तुझ्या छातीवर झोपलंय, त्याला दुसरी रीत माहीत नाही. ती ऑफच्या आठवड्यात शिकवायची. रोज रात्री पाजून झालं की बाळ बापाच्या खांद्यावर, तू दुसऱ्या खोलीत. तीच अंगाई, तेच थोपटणं, तोच मंद दिवा. पहिल्या दोन रात्री अर्धा तास रडेल, चौथ्या रात्री दहा मिनिटं. तुझी वापरलेली मऊ सुती साडी त्याच्या गादीवर ताणून, खाली खोचून अंथर, वास पुरतो. पांघरूण म्हणून नको. तोंडावर काही येता कामा नये.

इथे एक गोष्ट कानी घालते, कारण कुणीतरी सुचवणारच. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका बाळांना बाळागोळी देऊन जायच्या. त्यात अफू असायची. मूल दिवसभर निपचित. त्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही, बाळाला ठेवायला जागाच नव्हती. 1929 चा मुंबई इलाख्याचा मातृत्व लाभ कायदा त्याच काळातला, आदल्या वर्षी डॉ. आंबेडकर कायदेमंडळात त्याच्या बाजूनं बोलले होते. अफू गेली, तिची जागा आता खोकल्याच्या औषधानं घेतली आहे. ‘चमचाभर दिलं की छान झोपतं.’ दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचं औषध द्यायचं नाही. बाजारातली गुटी, ज्यात काय आहे ते लिहिलेलं नाही, तीही नाही.

औषधांवरून आठवलं, घरच्या ओव्हरचं रजिस्टर ठेव. वेगळी वही कुणी लिहिणार नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात दुधाच्या पिशव्या लिहितो तसं: शेवटचं कधी प्यालं, शू किती वेळा, ताप, औषध कोणी किती वाजता दिलं. पहाटे सहाला आजीनं पॅरासिटामॉल दिलं, सातला बापानं पुन्हा दिलं, हे आमच्याकडे दर पावसाळ्यात यायचं. त्यातून वाईट म्हणजे बाटल्यांची गल्लत. थेंबांच्या बाटलीत 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये बहुधा 5 मिलीत 120 किंवा 250. थेंबांचं औषध सिरपच्या चमच्यानं दिलं की डोस कुठल्या कुठे जातो. घरात एकच बाटली ठेव आणि बाळाच्या वजनाचा डोस तिच्यावर चिकटपट्टी लावून लिही.

रुग्णालयाशी काय बोलायचं? ‘मला नाईट नको’ असं म्हणू नकोस. इन्चार्ज सिस्टरला रोस्टर भरायचं असतं, ती नाही म्हणणार आणि विषय संपणार. सहा ओळीनं ऐवजी तीन नाईट आणि मग ऑफ, पुन्हा तीन, असं माग. माझ्या मते पाजणाऱ्या आईला तीनच बऱ्या: चौथ्या रात्रीपासून झोपेचं कर्ज फिटत नाही आणि दूधही तिथेच घसरायला लागतं. कायद्यात तुझ्या बाजूनं काय आहे ते माहीत असू दे. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानं बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसाच्या कामात दोन वेळा पाजण्यासाठी सुटी दिली. 2017 च्या दुरुस्तीनं रजा 12 वरून 26 आठवडे झाली आणि 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि तिथे रोज चार वेळा जाण्याची मुभा आली. रात्री चालणारं पाळणाघर मी फार कमी ठिकाणी पाहिलंय, पण त्या दोन सुट्या दूध काढण्यासाठी माग, अर्ज लेखी दे आणि पोच घे. तोंडी ‘हो बघू’ला रोस्टरमध्ये जागा नसते.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस. अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा हिशेब तुला लागू नाही. तो फक्त बाळ सहा महिन्यांच्या आतलं असताना, निव्वळ आईच्या दुधावर, आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड नसताना चालतो. तुझे तिन्ही निकष गेले. माझ्या बॅचच्या दोघींची दुसरी मुलं याच हिशेबानं आली. तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी, जे सोयीचं ते ठरव, आणि पाजतेय हे सांगून घे.

मनाचंही बघ. झोप न मिळाल्यानं येणारं रडू चार रात्री झोपलं की ओसरतं. झोपायला मिळूनही झोप येत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, आपण नसतो तर बरं असं मनात येतं, हे दोन आठवडे टिकलं तर ते थकव्याचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 क्रमांक रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आपण नर्स असल्यामुळे तिथे फोन करायला लाजतो. मी लाजले होते, आणि त्यात चार महिने गेले.

निघताना बाळ जागं असेल तर सांगून नीघ, झोपेत चोरून नको. सातव्या-आठव्या महिन्यात आई दिसेनाशी झाली की मूल घाबरतं, आणि चोरून गेलीस तर दुपारीही तुला नजरेआड होऊ देणार नाही. रोज तोच पापा, तोच टाटा, आणि मागे न बघता जिना उतर.

पुढचं रोस्टर हातात आलं की तारखा कळव. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस नाईटच्या आठवड्यात बसत असेल तर इन्चार्जकडून आधीच ऑफ मागून घेऊ, म्हणजे लस चुकणार नाही. ताप आलाच तर तो बहुधा आठवडाभरानं येतो, रोस्टर बघताना त्या दिवसांकडेही लक्ष ठेव.